बेहालाच्या गच्चीवरचं ऊन आणि मासीमांच्या बड्या

कुसुमताई, गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरता ना? नाशिकच्या भाऊसाहेबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एव्हाना झालं असेल. डोळ्यावरची पट्टी निघाली की मगच हे वाचा, घाई काही नाही. मेधा, तुझ्या जुळ्यांचा खोकला थांबला का? आणि लातूरचे गुरुजी, तुम्ही मागच्या लेखाखाली एक ओळसुद्धा लिहिली नाहीत. साखर वाढली म्हणून रुसलात की काय? माझं विचाराल तर कंबर आपल्या जागी आहे, चष्म्याचा नंबर थोडा वाढलाय, बाकी दोन वेळचं जेवण गोड लागतंय.

इतके दिवस इथे फिरकले नाही, कारण लेकीकडे कोलकात्याला जाऊन आले. खरं तर फेब्रुवारीत जाणार होते. पण डिसेंबर लागला आणि वैशालीचा फोन आला. ही माझी लेक तापानं फणफणली असली तरी "सगळं ठीक आहे" म्हणणारी. त्या दिवशी म्हणाली, "आई, तू आत्ताच येतेस का? तुला सोलरमधलं कळतं."

आता मला कळतं म्हणजे काय? शाळा सातवीपर्यंत. राहुरीच्या घरावर सोलरच्या प्लेटा बसवल्या तेव्हा बसवणाऱ्या मुलांना चहा पाजून पाजून मी प्रश्न विचारले. मग नातवाची विज्ञानाची पुस्तकं वाचली, जे कळलं नाही ते पुन्हा वाचलं. एवढंच माझं शिक्षण. पण लेक "ये" म्हणाली, मी बॅग भरली.

तिची अडचण अशी. ती आणि जावई मंदार बेहाला भागात राहतात. मंदार गार्डन रीचकडच्या एका खासगी कंपनीत इंजिनियर, वैशाली एका ऑफिसात हिशेबाचं काम बघते. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका चार मजली इमारतीत फ्लॅट घेतला. उन्हाळ्यात वैशालीनं दारोदार जाऊन सगळ्यांना पटवलं की गच्चीवर सोलर बसवू, लिफ्ट, जिन्याचे दिवे आणि पाण्याचा पंप त्याच्यावर चालेल. सगळ्यांनी तिच्या शब्दावर वर्गणी दिली. दिवाळीपर्यंत झकास चाललं आणि मग वीज निम्म्याखाली आली. कंपनीचा माणूस येतो, "सब ठीक है" म्हणतो आणि जातो. इमारतीत कुजबुज सुरू झाली. येत्या रविवारी मीटिंग होती, प्लेटा ठेवायच्या की काढून परत द्यायच्या. "काढल्या तर काढल्या गं," वैशाली म्हणाली, "पण लिफ्टमध्ये माझ्याशी कुणी बोलत नाही. आपण बाहेरून आलेले, आपलं ऐकून सगळ्यांनी पैसे घातले."

नगर ते हावडा

पुण्याहून हावड्याला जाणारी गाडी रात्री नगरला येते. थ्री टायर एसीचं तिकीट दोन हजारांच्या आतबाहेर पडलं. खालचा बर्थ हवा असेल तर महिनाभर आधी काढा. मला ऐनवेळी वरचा मिळाला होता, पण एका वर्ध्याच्या पोरीनं न मागता बदलून दिला. देव तिचं भलं करो. माझ्याकडे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाची पोळी होती. मधला अख्खा दिवस गाडीतच जातो. नागपूर मागे पडलं की माती बदलते, रायपूरनंतर झाडी दाट होते. गाडी खरं तर तिसऱ्या दिवशी अगदी पहाटे हावड्याला पोचते, पण तीन तास उशीर झाला. एकट्या बाईमाणसाला हा उशीर बरा पडतो, उजाडलेलं असतं.

मंदार घ्यायला आला होता. पिवळी टॅक्सी स्टेशनातल्या खिडकीवर पैसे भरून घ्या, घासाघीस वाचते. हुगळीवरच्या नव्या पुलावरून जाताना नदी धुक्यात होती, नुसते होडीचे दिवे दिसत होते. "आई, उन्हाचं काम घेऊन आलात आणि ऊनच नाही बघा," मंदार म्हणाला. "दहा वाजू दे," मी म्हटलं. दहाला खरंच लख्ख ऊन पडलं.

बुधवार: "सब ठीक है"

बेहाला म्हणजे दाटीवाटीचा भाग. गल्लीत एकाला लागून एक दुकान, पत्र्याचं काम, शिवणकाम, मिठाई. डोक्यावर मेट्रोचा पूल. कोपऱ्यावर सकाळी गरम कचोरी आणि बटाट्याची रसदार भाजी मिळते, पानाच्या द्रोणात. तीस-चाळीस रुपयांत पोट टम्म. पण आठच्या आत जा, नंतर उरत नाही.

वैशालीनं त्या दिवशी अर्धी रजा घेऊन कंपनीच्या माणसाला बोलावलं होतं. तो खाली आला तसं तिनं जिन्यातून वर मान करून हाक दिली, "मासीमा, लोक आशछे!" म्हणजे, माणसं येतायत. तळमजल्यावरच्या मासीमांना, म्हणजे मावशींना, तसं सांगायची इथे पद्धत आहे म्हणे, त्या गच्चीवर काहीबाही वाळवत असतात. पाहते तर पांढऱ्या साडीतल्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या बाई डोक्यावर सूप, काखेत गुंडाळी आणि हातात काठी घेऊन लगबगीनं उतरतायत. माझ्याकडे बघून हसल्या. दात दोनच, पण हसू सगळं.

गच्चीवर मधोमध प्लेटांची एक लांब रांग, दक्षिणेकडे तोंड करून तिरकी ठेवलेली. पुढची कड गुडघ्याइतकी उंच, मागची छातीइतकी. उत्तरेला जिन्याची खोली आणि प्लेटांमागे त्यांचीच लांब सावली, त्यामुळे तिकडे थंडीत दिवसभर ऊन नाही. दक्षिणेला रस्ता आणि जाळीचा कठडा. कठडा आणि प्लेटा यांच्यामध्ये दोन हातांचा एक पट्टा तेवढा उन्हाचा.

कंपनीच्या माणसानं जोडण्या तपासल्या, यंत्र लावलं, जिन्याच्या खोलीतल्या इन्व्हर्टरच्या डब्यावरचा आकडा दाखवला. दोन हजार वॅटच्या वर. भर हिवाळ्यात उत्तम. "देखिए मॅडम, सब ठीक है. धूल होगा, कोहरा होगा."

"प्लेटा परवाच धुतल्यात," वैशाली म्हणाली. बिचारा खांदे उडवून गेला.

दुसऱ्या मजल्यावरचे हालदारबाबू मफलर गुंडाळून बघायला आले होते. निवृत्त गृहस्थ, इमारतीचा कारभार तेच बघतात. हिंदीत मला म्हणाले, "दीदी, तुमच्या मुलीचं सोलर फार मजेशीर आहे. सगळी दुनिया रविवारी सुट्टी घेते. हे फक्त रविवारी काम करतं आणि सोम ते शनि सुट्टी." मला हसू आलं, पण वैशालीचा चेहरा बघून गिळलं.

नातीला, रेवाला, मी प्लेटेपाशी बसवलं. रेवा कॉलेजात आहे. तिचं मराठी म्हणजे बंगाली रस्सा आणि हिंदी फोडणी. "आजी, मला कधी समजलाच नाही. ऊन आत जातो आणि वीज कशी होऊन निघते?"

मग मी तिला माझ्या भाषेत सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते. काचेखाली त्या निळ्या-काळ्या चौकोनी चकत्या दिसतात ना, त्या सिलिकॉनच्या. आपल्या वाळूत असतं तेच, पण फार फार शुद्ध केलेलं. एका चकतीत दोन थर. वरच्या थरात फॉस्फरस चिमूटभर घालतात, त्यानं तिथे इलेक्ट्रॉन गरजेपेक्षा जास्त होतात. खालच्या थरात बोरॉन, तिथे इलेक्ट्रॉनच्या जागा रिकाम्या राहतात. दोन थर जिथे चिकटतात त्या हद्दीवर थोडे इलेक्ट्रॉन सुरुवातीलाच शेजारी जाऊन बसतात, आणि त्यामुळे तिथे एक कायमची ओढ तयार होते. ही ओढ इलेक्ट्रॉनला वरच ढकलते, खाली येऊ देत नाही. एकाच बाजूला उघडणारं दार समजा.

आता ऊन. ते पाण्याच्या धारेसारखं येत नाही, चिमटी-चिमटीनं येतं. एक चिमटी एका इलेक्ट्रॉनला लागली की तो जागेवरून उठतो. उठला की हद्दीवरची ओढ त्याला वरच्या थरात लोटते. परत यायला आतून दार बंद. मग तो काचेखालच्या चंदेरी रेघांतून बाहेर पडतो, तारेतून फिरतो, पंप चालवतो, लिफ्ट चढवतो आणि मागच्या दारानं खालच्या थरात येऊन रिकाम्या जागेवर बसतो. पुन्हा चिमटी लागली की पुन्हा उठतो. काही जळत नाही, धूर नाही, आवाज नाही.

"म्हणजे गोल गोल फिरतच राहतो?" रेवानं विचारलं.

"हो."

"बाबासारखा. ऑफिस-घर, ऑफिस-घर."

"आणि बाबासारखाच कुरकुर न करता," मी म्हटलं. मागून मंदार म्हणाला, "हे माझ्या बायकोला ऐकवा जरा."

गुरुवार: नदीच्या खालून

वैशालीचं लक्ष घरात लागेना, म्हणून रेवा आणि मी तिला बाहेर घेऊन गेलो. बेहालाची मेट्रो माझेरहाटपर्यंत जाते, तिथून बसनं एस्प्लनेड. बसचं तिकीट दहा-पंधरा रुपये, बायकांच्या जागा वेगळ्या असतात आणि कंडक्टर त्या खरंच रिकाम्या करून देतो. एस्प्लनेडला फुटपाथवर स्वेटर, मोजे, बांगड्या, कात्र्या, सगळं. मी रेवाला एक शाल घेतली, दुकानदाराशी मराठीत भांडले, तो बंगालीत भांडला, भाव बरोबर ठरला.

मग हुगळी नदीच्या खालून जाणारी मेट्रो. तिकीट अगदी स्वस्त. नदीखालचा टप्पा येतो तेव्हा बोगद्यात निळे दिवे लागतात, डब्यातले सगळे फोन काढतात आणि मिनिटभरात संपतंसुद्धा. वैशाली मात्र त्या वेळीही फोनवर प्लेटांचा आलेख बघत होती. मी डोकावले. सकाळी रेघ छान चढत गेलेली, आणि अकराच्या सुमाराला धपकन खाली. उंदरानं भाकरी कुरतडावी तसा मधला भाग गायब. तीननंतर पुन्हा जरा वर.

"काल असं नव्हतं," मी म्हटलं.

"काल तो माणूस आला होता ना. तो आला की नीट चालतं. दरवेळी. मलाच वेड लागलंय असं वाटायला लागलंय, आई."

नदी वरून वाहत होती आणि माझी पोर अशी बसली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

शुक्रवार: कोहळा आणि उडीद

आदल्या संध्याकाळी जिन्यात मासीमा भेटल्या होत्या. मी सूप बघून विचारलं, त्यांनी सांगितलं बडी. कोहळा किसून, उडदाच्या वाटलेल्या डाळीत घालून, छोटे छोटे थेंब वाळवायचे. अहो, हे तर आमचे कोहळ्याचे सांडगे! मी हातवारे करून तसं सांगितलं, तर त्यांनी माझा हातच धरला. हिंदी त्यांची मोडकी, बंगाली माझी शून्य, पण सांडग्याला व्याकरण लागत नाही. म्हणाल्या, उद्या या. आंघोळ करून, धुतलेलं नेसून. आणि चपला खालीच.

मला हे सांगावं लागलं नाही. आमच्याकडे वाळवणाच्या दिवशी सासूबाई आम्हाला गॅलरीतल्या पोरांचा वाराही लागू द्यायच्या नाहीत.

सकाळी सगळे कामाला गेल्यावर मी वर गेले. मासीमा पीठ फेसत होत्या. हातानंच, गोल गोल. मग थेंबभर वाटीतल्या पाण्यात टाकला. तरंगला. "होयेछे," म्हणाल्या, झालं. पहिल्या दोन बड्या मोठ्या घातल्या, एक म्हातारा, एक म्हातारी. त्यांना शेंदूर लावला, दूर्वा ठेवल्या. नवरा-नवरी बसवल्याशिवाय बाकीचं वऱ्हाड मांडायचं नाही. त्यांच्या नवऱ्याची वर्षश्राद्धं किती झाली कोण जाणे, पण त्या म्हाताऱ्याला दूर्वा वाहताना त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

बोलता बोलता सांगितलं की ही इमारत व्हायच्या आधी इथे त्यांच्या सासऱ्यांचं घर होतं. बिल्डरला दिलं, बदल्यात तळमजल्यावरचा फ्लॅट मिळाला. तेव्हाची गच्ची अख्खी त्यांची होती. आता हा दोन हातांचा पट्टा. तोही रविवारी नाही, कारण रविवारी पोरं बूट घालून क्रिकेट खेळतात.

सुपं मांडून झाल्यावर त्यांनी ती काखेतली गुंडाळी सोडली. जुनी जाड साडी, दोन्ही टोकांना बांबू. रस्त्याची धूळ आणि कावळे नकोत म्हणून कठड्याच्या बाजूनं ती छातीइतक्या उंचीवर आडवी ताणली, अख्ख्या पट्ट्याच्या लांबीची. तिच्या खालच्या मोकळ्या जागेतून बड्यांवर ऊन बरोबर पडत होतं. मी मान डोलावली, काय सुरेख सोय, आणि पुढची बडी घालायला हात उचलला.

तेव्हा मला काचेवर साडीचा काठ दिसला.

डिसेंबरातलं ऊन भरदुपारीही तिरकंच. साडीची सावली सुपांवरून उडी मारून थेट प्लेटांच्या खालच्या कडेवर पडली होती. प्रत्येक प्लेटची अगदी खालची ओळ झाकलेली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काठाची नक्षीसुद्धा ओळखू येत होती. बाकी प्लेटा उन्हात चमकत होत्या. माझ्या हातातली बडी वाकडी पडली.

उतरताना डब्यावरचा आकडा पाहिला. पाचशेच्याही खाली.

आणि मग सगळंच उलगडलं. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर, सावली पायाशी, शिवाय बड्यांचा हंगाम नाही. रविवारी क्रिकेट, म्हणून बड्या नाहीत. आणि कंपनीचा माणूस यायचा तेव्हा माझी शहाणी लेक शिष्टाचारानं हाक द्यायची, "मासीमा, लोक आशछे!" परका माणूस बुटांसकट येणार, म्हणून मासीमा सोवळ्यातलं सगळं आवरून खाली. तो वर पोचेपर्यंत सावली गायब. सब ठीक है!

शनिवार: घमेल्यांची रांग

मी वैशालीला सांगितलं नाही. रात्री ती मीटिंगमध्ये काय बोलायचं ते पुटपुटत होती, तरी नाही सांगितलं. सांगितलं असतं तर ती सुटली असती, पण चार माणसांत "म्हातारीनं सगळ्यांची वीज खाल्ली" असं झालं असतं. आधी मासीमांना सांगायला हवं होतं.

सकाळी गच्चीवर गेले. साडी उभी केल्यावर त्यांचा हात धरून काचेपाशी नेलं, सावली दाखवली.

"एवढीशी तर आहे," त्या म्हणाल्या. "वर एवढं ऊन मोकळं आहे."

हाच तर सगळ्यांचा गैरसमज होतो. मी म्हटलं, "दीदी, तुम्ही स्लॅब पडताना बघितलाय? बायका रांगेनं उभ्या राहून घमेली वर देतात?"

"हो. ही इमारत बांधताना रोज बघितलं. रडत बघितलं."

"त्या रांगेत एक बाई केस बांधायला थांबली तर?"

"सगळी रांग थांबते."

"तसंच. एका चकतीची वीज अगदी चिमुकली. म्हणून त्यांना एकीच्या हातात एक अशा रांगेनं जोडतात. सावलीतली चकती घमेलं पुढे देत नाही. उन्हातल्या चकत्या हातात घमेली घेऊन नुसत्या उभ्या राहतात. एखादीच अडली तर तिला वळसा घालून जायची वाट ठेवलेली असते, पण इथे प्रत्येक रांगेची खालची बाई अडलीय."

मासीमांनी काचेवरच्या साडीच्या सावलीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "बौमाला लोक बोलतात, ते माझ्यामुळे?" वैशालीला त्या बौमा म्हणतात, म्हणजे सूनबाई.

त्यांनी बांबू उपटले, साडी गुंडाळली, ओल्या बड्यांची सुपं एकावर एक चढवली आणि मला हात लावू न देता खाली नेली. दार लागल्याचा आवाज आला. दुपारी मी दोनदा दार वाजवलं. उघडलं नाही. ओल्या बड्या घरात ठेवल्या की आंबतात, हे मला माहीत होतं. तो दिवस मला फार जड गेला.

रविवार

मीटिंग गच्चीवर, दुपारी बाराला. थंडीत बंगाली माणूस मीटिंगसुद्धा उन्हात घेतो. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मातीच्या कपातला चहा, नव्या गुळाचे संदेश, म्हणजे छेन्याचे पेढे. (कोलकात्याला जाणारच असाल तर थंडीतच जा, या गुळासाठी.) चार मजल्यांची मिळून दहा-बारा माणसं.

हालदारबाबूंनी सुरुवात केली. वैशाली उठली, म्हणाली, आज बघा, आकडा पूर्ण आहे. हालदारबाबू म्हणाले, "आज रविवार आहे, बौमा. उद्या पुन्हा सुट्टीवर जाईल. कारण सांगा. कारण माहीत नसेल तर नुसती काच डोक्यावर कशाला ठेवायची? काढून नेऊ दे त्यांना." दोघा-तिघांनी माना हलवल्या. वैशालीनं माझ्याकडे बघितलं. मला कारण माहीत होतं आणि मी चहाच्या कपात बघत बसले. लेकीच्या नजरेला नजर न देणं किती अवघड असतं, आया जाणतात.

तेवढ्यात जिन्यात काठीचा आवाज आला. मासीमा. इस्त्रीची पांढरी साडी, काखेत गुंडाळी. कुणाशी न बोलता त्या पट्ट्यात गेल्या, बांबू रोवले, साडी ताणून उभी केली. मग रेवाला म्हणाल्या, "जा, डब्यावरचा नंबर वाच. मोठ्यानं."

रेवा जिन्याच्या खोलीतून ओरडली, "बावीसशे... अठराशे... आजी, खाली चाललाय! नऊशे! चारशे!"

मासीमांनी साडी काढली.

"चढतोय! हजार... दोन हजार!"

मासीमांनी पुन्हा उभी केली, पुन्हा काढली. कुणी चहा पीत नव्हतं. शेवटी त्या हालदारबाबूंसमोर येऊन उभ्या राहिल्या. "पाहिलंस? कारण मी. बौमाचं सोलर चांगलं आहे. तिला बोलायचं नाही." मग काठी आपटून म्हणाल्या, "एबार बोलो, आमार बोडी कोथाय जाबे?" आता सांगा, माझ्या बड्या कुठे जातील?

हालदारबाबू मफलरशी चाळा करू लागले. त्यांची बायको मात्र गप्प बसली नाही. "बोला ना! दरवर्षी थंडीभर माशाच्या रश्श्यात मासीमांच्या बड्या कोण मागतं? यंदा नुसती वीज खा भाताबरोबर." सगळे जे हसले, त्यात हालदारबाबूही हसले आणि उठून मासीमांना त्यांनी स्वतःची खुर्ची दिली. वैशाली त्यांच्या पायाशी बसली, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून. ती रडत होती की हसत, ते मला मागून दिसलं नाही.

मग पहिल्यांदा मी तोंड उघडलं. प्लेट आलेल्या उन्हातला साधारण पाचवा हिस्सा वीज करते, बाकीचा बहुतेक तिच्या अंगात उष्णता होऊन राहतो. म्हणून प्लेटांच्या खाली हात घालून बघा, गरम, कोरडी हवा असते. तिथे कावळा येत नाही, वरून धूळ पडत नाही. सकाळी दहापर्यंत तिरपं ऊन कमी असतं, तेवढा वेळ पूर्वेच्या कठड्यावर सुपं ठेवा, साडीशिवाय. बड्या वरून जराशा सुकल्या की सुपं प्लेटांखाली सरकवा. साडी बांधायचीच तर मागे, उत्तरेला बांधा, तिथे तिची सावली कुणाला नडत नाही.

"आणि सुपं उचलणार कोण?" एकानं विचारलं. हालदारबाबूंच्या बायकोनं नुसतं नवऱ्याकडे बघितलं. "ठीक है, ठीक है," हालदारबाबू म्हणाले, "चपला काढून येईन."

आदल्या दिवशी घरात नेलेल्या बड्या? मासीमांनी पंख्याखाली पसरून ठेवल्या होत्या, तरी निम्म्या आंबल्या. म्हातारा-म्हातारी मात्र वाचली.

परत घरी

आणखी आठवडाभर राहिले. सोमवारी आलेखाची रेघ छान गोल, भाकरीला कुठे उंदीर लागलेला नाही. मंगळवारी लिफ्टमध्ये कुणीतरी वैशालीला स्वतःहून विचारलं की आमच्या गावच्या घरावर असं बसवता येईल का. मी दाराशी उभी होते, तिचा चेहरा बघितला आणि तिकिटाचे पैसे वसूल झाले. मासीमांनी एकदा आम्हाला जेवायला बोलावलं, बड्या घातलेलं शुक्तो, म्हणजे कडू-गोड मिश्र भाजी, केलं. आणि निघताना वर्तमानपत्रात बांधून बड्यांची पुडी दिली.

आता राहुरीला येऊन आठ-दहा दिवस झाले. पुडी उघडली तर सगळ्यात वर शेंदूर लावलेली ती दोघं, म्हातारा आणि म्हातारी. त्यांना आमटीत टाकायला माझा हात धजेना. देवाजवळ ठेवलीत. बाकीच्या तळून वांग्याच्या भाजीत घातल्या.

काल रेवानं मासीमांचा आवाज फोनवर पाठवला आणि खाली तिच्या मराठीत अर्थ लिहिला. प्लेटांखाली वाळवलेला पहिला घाणा तयार झालाय. मासीमा म्हणतात, वास नाही, कीड नाही, कुरकुरीत आहे. पण उघड्या उन्हाची चव ती नाही. थोडी कमी आहे. चालेल.

ते "चालेल" माझ्या कानात राहून गेलंय. आम्ही सोय शोधली खरी, तरी त्या बाईचं काहीतरी गेलंच. आधी घर गेलं, मग गच्ची, आता उन्हाची चव. आणि तरी बौमाला बोलायचं नाही म्हणून त्या काठी टेकत चार जिने चढून आल्या होत्या. विजेचा पंप चालू झाला की वैशालीला ते आठवतं म्हणे. आता कंपनीचा माणूस आला तर ती वर हाक देत नाही, त्यालाच जिन्यात बूट काढायला लावते.

मी रोज दुपारी आमच्या गच्चीवर जाते. माझ्याच प्लेटांच्या कोपऱ्यावर शेजारच्या शेवग्याची फांदी सावली टाकत होती, इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं. शेजारणीला सांगण्याआधी तिच्याकडे चहाला जाणार आहे.

तुमच्याही गच्चीवर काय वाळतंय, ऊन किती वाजेपर्यंत असतं, कुणाची सावली कुणावर पडते, ते सगळं मला कळवा. आणि प्लेटांखाली कुरडया वाळवून बघितल्यात तर चवीसकट खरं खरं सांगा, मासीमांना पोचवायचंय. कुसुमताई, गुडघ्याचं विसरू नका. गुरुजी, तुम्ही सगळ्यांच्या आधी लिहा, साखरेचा आकडासुद्धा लिहा. वाट बघायला लावू नका, लवकर लिहा.